पाय बघणारी रुद्रम्मा

रोज सकाळी आंघोळ झाली की रुद्रम्मा तळहाताएवढा आरसा जमिनीवर ठेवायची आणि त्याच्यावर पाय धरायची. आधी उजवा, मग डावा. टाच, चवडा, एकेक बोट, बोटांच्या बेचक्या. आरशाची हिरवी चौकट एका कोपऱ्यात तुटलेली होती, तिथं चिकटपट्टी लावलेली होती. त्या आरशात तिनं स्वतःचं तोंड बघितलेलं मी कधी पाहिलं नाही. कपाळावरची विभूती ती अंदाजानंच ओढायची, आणि ती एका बाजूला जरा वर गेलेली असायची.

"बायका आरशात तोंड बघत्यात," तिची धाकटी जाऊ उमादेवी म्हणायची. "आमच्या अक्का तळवा बघत्यात. पावडर बी लावता का वो अक्का पायाला?"

"लावीन की. तुझ्या डब्यातली आण. तुझ्या तोंडाला तर ती लागंना झाली."

नळदुर्गात आमच्या वरच्या गल्लीत तिचं दोन खोल्यांचं घर होतं, आमच्या दारासमोर. त्या घरात ती चपला घालून वावरायची. घरातल्या चपला वेगळ्या, मऊ रबराच्या, रोज मोरीत धुतलेल्या. देवाच्या कोनाड्यापुढं दोन हातांवर ती त्या काढायची आणि मधल्या अंतरात गोणपाट अंथरलेलं असायचं. गल्लीतल्या बायका चुलीपर्यंत आलेल्या त्या चपलांकडं बघून तोंड वाकडं करायच्या. एकदा कुणीतरी बोललंच, घरात चप्पल घातल्यावर लक्ष्मी कशी राहील म्हणून. रुद्रम्मा भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "माझी चप्पल आत्ता धुतलीय. तू पाय कवा धुतलंस ते सांग, मग लक्ष्मीचं बघू."

ती अंगणवाडीत मदतनीस होती. झाडणं, खिचडी शिजवणं, घरोघर जाऊन लेकरं गोळा करणं हे तिचं काम. लेकरांचे पाय बघणं हे तिचं काम नव्हतं. तरी प्रत्येक लेकराला ती आधी उंबऱ्यावर बसवायची, ओल्या फडक्यानं पाय पुसायची आणि तळवा वर करून उजेडाला धरायची. पावसाळ्यात बेचक्यांत चिखल्या झालेल्या असायच्या. पांढरी, भिजलेली कातडी. ती कोरड्या फडक्यानं एकेक बेचकी टिपून घ्यायची आणि संध्याकाळी त्या घरी जाऊन आईला सांगायची, "धुतेस ते बरं करतेस, पण पुसत न्हाईस. ओलं ठेवलं की कुजतंय. भाकरीचं पीठ ओलं ठेवून बघ."

मी चार वर्षांची असताना माझ्या टाचेत बाभळीचा काटा तीन दिवस होता. रडले की दवाखाना, ह्या भीतीनं मी कुणाला बोलले नव्हते. रुद्रम्माला तो पहिल्याच नजरेत सापडला. तिनं सुई काडीच्या जाळावर धरून गार केली, काटा काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. "घरी ने. आईला दाव. म्हणावं, तीन दिस हे घेऊन हिंडले." त्या दिवशी माझ्या आईला दोन गोष्टी ऐकाव्या लागल्या, एक रुद्रम्माकडून आणि एक आजीकडून.

बुटांवरून तिची बापलोकांशी भांडणं व्हायची. लेकरू एका जागी बसत नाही, म्हणून बाप खराट्याची काडी पायाएवढी मोडून घेऊन बाजारात जात, आणि त्यावर दोन नंबर वाढवून बूट आणत, दोन वर्षं चालावेत म्हणून. बूट पुढून मोठे, टाच मागं सुटलेली, लेकरू चालताना फरफटत जाई. रुद्रम्मा ते बूट काढून घ्यायची आणि संध्याकाळी बापाच्या हातात द्यायची. "अंगठ्याएवढी जागा पुढं बास झाली. आन् माप उभं करून घ्यावं. बसलेल्या लेकराचा पाय लहान भरतोय. तुमी दोन नंबर मोठे बूट घालून हायवेवरच्या धाब्यापर्यंत जाऊन या, मग मला सांगा."

एकदा तपासणीला आलेल्या बाईंनी वजनाच्या नोंदीशेजारी पेन्सिलीनं लिहिलेलं काहीतरी पाहिलं. नख आत वळलंय. डाव्या पायाला बूट लागतोय. चिखल्या.

"हे काय आहे? रजिस्टरात पायांचा रकाना नाही."

"मग आखा की मॅडम."

"तुमचं काम खिचडी करायचं आहे."

"खिचडी शिजली की. ह्यो बघा, कुकर खाली उतरलाय."

बाईंनी पेन्सिलीचं खोडायला लावलं. रुद्रम्मानं समोर बसून खोडलं. दुसऱ्या दिवशीपासून तिनं जुन्या कॅलेंडरच्या मागल्या बाजूला लिहायला सुरुवात केली आणि ते कॅलेंडर अंगणवाडीच्या भिंतीला उलटं टांगलं.

हे सगळं कुठून आलं ते आमच्या गल्लीला अर्धं माहीत होतं. तिचा नवरा कल्याणप्पा ट्रकवर ड्रायव्हर होता, सोलापूर–हैदराबाद. मोठा हसरा माणूस, पोरांना हॉर्न वाजवू द्यायचा. त्याला साखर निघाली होती आणि त्यानं ती गोष्ट चहात बुडवून टाकली होती. मग एका साली त्याचा पाय कापावा लागला, गुडघ्याखालून, आणि वर्षभरात तो गेला. गल्लीला एवढंच माहीत होतं. उरलेलं अर्धं तीन वर्षांपूर्वीच्या श्रावणात कळलं.

त्या श्रावणात रुद्रम्माच्या दिरानं, माणिकप्पानं, नवं घर बांधलं. उमादेवी ह्याच माणिकप्पाची बायको. घरभरणीला पाद्यपूजा ठरली. आमच्याकडं लिंगायतांच्या घरात शुभ कार्याला जंगम स्वामींना पाटावर बसवतात, त्यांचे पाय परातीत धुतात, विभूती-बेल वाहतात आणि ते पाणी तीर्थ म्हणून घेतात. आमच्या गल्लीचे स्वामी महांतय्या, सत्तरीचे, एकटेच राहायचे. सगळे त्यांना अय्या म्हणत. अय्यांनी विशीत चप्पल सोडली होती. उन्हाळ्यातल्या डांबरावरून ते असे चालत जायचे की बघणाऱ्याचे तळवे भाजावेत.

थोरली जाऊ म्हणून पाय धुवायला रुद्रम्मा बसली. नवी पांढरी फरशी, उदबत्त्यांचा धूर, दारात चपलांचा ढीग. चार घरची माणसं भिंतीला टेकून उभी होती. पाय धुताना माणसं वरून पाणी ओततात, घोट्यापर्यंत हात फिरवतात, झालं. रुद्रम्मानं उजवा पाय धुतला. मग डावा. आणि रोजच्या सवयीनं तिनं तो पाय उलटा करून उजेडाला धरला.

अंगठ्याखाली रुपयाएवढं भोक होतं. कडा पांढऱ्या, भिजलेल्या, आत काळं. भोवतीच्या कातडीवर तपकिरी डाग होता, जळल्यासारखा. तिनं अंगठ्यानं बाजूला दाबलं.

"दुखतंय का अय्या?"

"काय?"

तिनं पुन्हा दाबलं, जोरात. अय्या समोरच्या तोरणाकडं बघत होते.

"ह्याला बिब्बा लावला व्हता ना?"

"घट्टा झाला होता थोडा. तापवून लावला. बिडव्वा, बिडु," अय्या म्हणाले, सोड म्हणून, आणि त्यांनी पाय ओढून घेतला. उमादेवी पुढं झाली. तिच्या हातात तीर्थासाठी चांदीची पळी होती.

रुद्रम्मानं परात उचलली. सगळ्यांच्या देखत, भरलेली परात, बेलाच्या पानांसकट, ती मोरीकडं घेऊन गेली आणि ओतून दिली.

उमादेवी रडायला लागली. "अक्का, माझ्या नव्या घरात! काय केलंत हे?"

"ह्या पाण्याचं तीर्थ न्हाय घ्यायचं. त्यात जखमंचं पाणी हाय." रुद्रम्मानं हात साबणानं धुतले, पुसले. "रिक्षा बोलवा. अय्यांना सोलापूरला न्यायचंय."

अय्या उठले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. ज्या पायापुढं माणसं पन्नास वर्षं डोकं टेकत आली, तो पाय असा चारचौघांत उलटा धरला गेला होता. ते दाराबाहेर पडले. पांढऱ्या फरशीवर त्यांची ओली पावलं उमटली. डाव्या पावलाच्या अंगठ्याखाली थोडं गुलाबी होतं.

"वैनी," माणिकप्पा म्हणाला. तो कधी मोठ्यानं बोलत नसे, तेव्हाही बोलला नाही. "तुमी आज अय्यांचा पाय नाकारलाव. उद्या तुमी गेलाव, तर तुमच्या डोक्यावर कुणाचा पाय ठेवायचा?"

हे बोलणं हलकं नव्हतं. आमच्यात माणूस गेलं की त्याला बसतं करतात, आणि मातीआधी जंगमाचा पाय त्याच्या डोक्यावर ठेवतात. त्याशिवाय पाठवणी पुरी होत नाही. रुद्रम्माचा कडक, काळा चेहरा क्षणभर सैल झाला. मग ती म्हणाली, "तेवढ्यासाठी तर म्हणतेय. पाय ऱ्हायला तर ठेवशीला ना?"

आणि चपला पायात घालून ती निघाली.

दुसऱ्या दिवशीपासून उमादेवीच्या घरातून तिच्याकडं भाजीची वाटी येणं थांबलं. दोघी-तिघींनी लेकरं अंगणवाडीच्या उंबऱ्यावर बसू द्यायची नाहीत असं ठरवलं. ती लेकरं उंबऱ्यावर जाऊन बसलीच, कारण त्यांना तेच येत होतं.

रुद्रम्मा सकाळी अंगणवाडी उघडण्याआधी आरसा पिशवीत घालून अय्यांच्या दारात जायला लागली. दार आतून लावलेलं. ती कट्ट्यावर बसायची आणि बंद दाराशी बोलायची. मी तेव्हा विद्यापीठातून सुट्टीला आले होते. पहिल्या दिवशी पाण्याची कळशी घेऊन मी तिथून गेले तेव्हा ती म्हणत होती, "अय्या, ताप हाय का? थंडी वाजतीय का? वास येतोय का पायाला?" दुसऱ्या दिवशी, "गरम पाण्यात पाय बुडवू नका. तुमाला चटका कळायचा न्हाय." आतून एकदाच आवाज आला, "निघून जा." रुद्रम्मा म्हणाली, "आठला जाते. खिचडी टाकायची हाय."

तिसऱ्या दिवशी माणिकप्पा दुकान उघडायला जाताना थांबला. "वैनी, लोकं हसत्यात."

"हसू द्या. दात दिसत्यात, बरं वाटतंय."

चौथ्या दिवशी मी तिच्यासाठी चहा घेऊन गेले. ती कट्ट्यावर दाराला पाठ लावून बसली होती. तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

"अय्या, कल्याणप्पाच्या पायात काटा गेलता. त्याला कळला न्हाय, दोन दिस तसाच गाडी चालवत व्हता. घरी आल्यावर म्या बघितला. काढला. आन् म्याच बिब्बा तापवून लावला. माझी आई लावायची, तिची आई लावायची. 'दुखतंय का' विचारलं तर म्हणला, न्हाय, तुझा हात हलका हाय. मला बरं वाटलं वो. मला वाटलं, माझा हात हलका हाय." ती थांबली. "कातडी जळत व्हती आन् तो हसत व्हता. पाय मेलेला व्हता, हात हलका नव्हता. ते मला डॉक्टरनं सांगितलं, पाय कापायच्या दिवशी. आजपतुर कुणाला बोलले न्हाय."

माझ्या हातातला चहा निवून गेला. बऱ्याच वेळानं कडी निघाली.

अय्या पलंगावर जाऊन बसले. त्यांनी पायाला धोतराचा तुकडा गुंडाळला होता, त्याला माशा येत होत्या. रुद्रम्मानं पिशवीतून आरसा काढून जमिनीवर ठेवला. "म्या न्हाय हात लावत. तुमीच बघा."

त्यांनी फडकं सोडलं आणि पाय आरशावर धरला. स्वतःचा तळवा त्यांनी किती वर्षांत पाहिला नसेल कोण जाणे. ते वाकून बघत राहिले.

"लोक ह्याचं पाणी पितात," ते म्हणाले. "मी कुणाला दाखवणार होतो गं?"

"मला. आणखी कुणाला?"

रिक्षा तिनं अगदी पायरीला लावायला सांगितली. स्वच्छ कापडात पाय बांधून त्यावर तिनं आपली घरातली मऊ चप्पल चढवली, दोरीनं आवळून. माणिकप्पाच्या दुकानासमोरून रिक्षा गेली तेव्हा अय्यांच्या पायात पन्नास वर्षांत पहिल्यांदा चप्पल होती, ती बायकी, निळ्या पट्ट्याची. दुकानातली माणसं उभी राहिली. नमस्काराला की बघायला, ते त्यांनाही कळलं नसावं.

सोलापूरच्या दवाखान्यात अय्यांची दोन बोटं गेली, अंगठा आणि त्याच्या शेजारचं. रुद्रम्मानं ऑपरेशननंतर डॉक्टरांना एकच विचारलं, "टाच ऱ्हायली ना?" राहिली होती. बावीस दिवसांनी अय्या स्वतःच्या पायानं एसटीतून उतरले. पायात जाड, मऊ तळाचे काळे बूट होते. नळदुर्गच्या स्टँडवर त्यांना बुटांत बघून एक म्हातारा हळहळला, "अय्या, व्रत मोडलं की." अय्या म्हणाले, "व्रत मोडलं, पाय न्हाय मोडला." ते बोलायला तिच्याकडूनच शिकले होते.

उमादेवीच्या घराची पाद्यपूजा अर्धीच राहिली होती. कार्तिकात तिनं अय्यांना पुन्हा बोलावलं. अय्यांनी निरोप पाठवला, पाय धुवायला रुद्रम्मा असेल तर येतो. तिसऱ्या दिवशी माणिकप्पा स्वतः तिच्या दारात आला. "वैनी, चला." तिनं त्याला आणखी काही बोलायला लावलं नाही.

ती नव्या घरात शिरली ती घरातल्या मऊ चपला घालून. बाहेरच्या चपला तिनं दारात काढून ठेवल्या, पिशवीतून धुतलेल्या काढल्या, घातल्या आणि आत आली.

"अक्का, फरशीवर डाग पडतील," उमादेवी म्हणाली.

"पुसता येत्यात."

तिनं अय्यांचे पाय धुतले. आधी पाण्यात आपलं कोपर घालून ऊन किती ते बघितलं. तळवा उलटा करून उजेडाला धरला, सगळ्यांच्या देखत, आणि ह्या वेळी अय्यांनीच पाय तिच्याकडं वळवून दिला. विभूती लावायच्या आधी तिनं कोरड्या फडक्यानं उरलेल्या बोटांच्या बेचक्या टिपल्या. तीर्थाची पळी उमादेवीच्या हातात होती. ती थांबली, जावेकडं बघू लागली.

"घे आता," रुद्रम्मा म्हणाली.

संध्याकाळी घरी जाताना उमादेवीनं तिच्या हातात भाजीची वाटी दिली. वाटीवर झाकण होतं, आणि झाकणावर पावडरचा डबा. रुद्रम्मा रस्त्यात उभी राहून एकटीच हसली.

गेल्या माघात ती गेली. रात्री झोपली आणि सकाळी उठली नाही. आदल्या दिवशी दुपारपर्यंत ती अंगणवाडीत होती. उलट्या कॅलेंडरवर त्या दिवशीच्या तीन नोंदी आहेत.

तिला भिंतीला टेकवून बसतं केलं होतं. कपाळावर उमादेवीनं विभूती ओढली, सरळ. तिच्या आयुष्यात तेवढी सरळ ती कधी नव्हती. लुगड्याखालून तिचे पाय दिसत होते. दहाही बोटं, नखं सरळ कापलेली, टाचेला एक भेग नाही. बायका त्या पायांकडं बघत होत्या, आणि एकमेकींकडं बघत नव्हत्या.

अय्या आले. त्यांनी दारात बूट काढले, डावा पाय परातीत धुतला. माणसं वाट बघत होती, ऊन चढत होतं. अय्यांनी खांद्यावरचा पंचा घेतला आणि खाली बसून त्या तीन बोटांच्या बेचक्या एकेक करून पुसल्या. घाई केली नाही. मग ते तिच्यापुढं उभे राहिले. एका पायावर त्यांचा तोल राहीना म्हणून माणिकप्पानं पुढं होऊन त्यांचं कोपर धरलं. अय्यांनी पाय उचलला आणि तिच्या डोक्यावर ठेवला.

आदल्या संध्याकाळी अय्या देवळातून परतत होते. ती कट्ट्यावर तांदूळ निवडत बसली होती. मीही होते. ते समोरून गेले तेव्हा तिनं सुपातून मान वर न काढता विचारलं, "अय्या, बेचक्या पुसल्या का?"